परसबागेचं पहिलं गिऱ्हाईक तुमच्याच घरात आहे



"घरामागे दोन गुंठे जागा रिकामी आहे. भाजी लावून विकली तर धंदा होईल का?" हा प्रश्न नवीन उद्योग करायला निघालेली माणसं हमखास विचारतात. त्यावर मिळणारी उत्तरंही ठरलेली असतात: अमुक बियाणं लावा, तमुक खत घाला, महिन्याला इतके हजार कमवा.

माझं उत्तर वेगळं आहे, आणि ते अनेकांना आवडत नाही. पहिल्या वर्षी विकू नका. खा. मनसोक्त खा, पण वहीत लिहून खा. त्यानंतर जे उरेल ते विका, आणि तेही जमेल तितकं शिजवून किंवा वाळवून. परसबागेचा धंदा बांधावर नाही, चुलीपाशी सुरू होतो. हे मी का म्हणतोय ते एक गाव समोर ठेवून सांगतो.

गंजाडचा श्रावण आणि गंजाडचा वैशाख

गाव आहे गंजाड, पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातलं. वारली लोकांचा मुलूख. पावसाळ्यात या भागात कुठल्याही पाड्यावर जा. कुडाच्या भिंतीवर, मांडवावर, कधी थेट छपरावर वेल चढलेले दिसतात. काकडी, दुधी, शिराळी, कारली, लाल भोपळा. जवळच अळू, कडेला अंबाडी. परसबाग ही इथे कुणी बाहेरून येऊन शिकवलेली गोष्ट नाही, ती पिढ्यानपिढ्यांची सवय आहे.

आता धंद्याच्या नजरेने बघा. श्रावण-भाद्रपदात तुमच्या वेलाला काकडी लागली, तशी शेजारणीच्याही लागली. पुढच्या पाड्यावर लागली आणि पलीकडच्या गावातही लागली. सगळे एकाच आठवड्यात टोपल्या घेऊन रस्त्यावर बसले की भाव कोण ठरवणार? घेणारा ठरवणार. संध्याकाळ झाली की काकडी परत न्यायची नसते, म्हणून पडेल त्या भावाने द्यावी लागते. ज्या दिवशी सगळ्यांकडे माल असतो, त्या दिवशी मालाला किंमत नसते.

आणि वैशाखात? मांडव रिकामा, जमीन तडकलेली, पाणी लांब. दिवाळीनंतर या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर, बांधकामावर मजुरीला बाहेर पडतात. मागे राहिलेल्या घरात भाजी म्हणजे दुकानातले बटाटे आणि कांदे, तेही बऱ्याचदा उधारीवर.

म्हणून मी परसबागेची परीक्षा श्रावणात घेत नाही. श्रावणात सगळेच पास होतात. तुमची परसबाग चैत्र-वैशाखात ताटात काय वाढते, यावर तिची किंमत ठरते.

विकताना घाऊक भाव, घेताना किरकोळ भाव

आता थोडा हिशोब. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गावचे आकडे तुम्ही घाला.

समजा तुम्ही सकाळी पाच किलो भाजी व्यापाऱ्याला १५ रुपये किलोने दिली. ७५ रुपये हातात आले. बरं वाटलं. संध्याकाळी घरच्या पाच जणांच्या जेवणासाठी दुकानातून ३५ रुपये किलोने दोन किलो बटाटे आणले. ७० रुपये गेले. दिवसभराची कमाई किती? ५ रुपये. शिवाय घरातली ताजी भाजी गेली आणि ताटात बटाटा आला.

विकताना आपल्याला घाऊक भाव मिळतो आणि विकत घेताना आपण किरकोळ भाव देतो. या दोन भावांमधली दरी आपल्याच खिशातून भरली जाते. जी भाजी तुम्ही घरी खाता, तिची किंमत तुमच्यासाठी किरकोळ भावाने धरायला हवी, कारण तेवढाच खर्च वाचतो. त्या रुपयाला रिक्षाचं भाडं लागत नाही, त्याची उधारी अडकत नाही, त्यात माल सडत नाही. वाचलेला रुपया हा पूर्ण रुपया असतो. मिळवलेल्या रुपयातून आधी बाकीच्यांचा वाटा जातो.

यात पैशापलीकडचीही एक गोष्ट आहे. पालघर जिल्ह्याचं नाव बातम्यांत यायचं तेव्हा बऱ्याचदा कुपोषणासाठी यायचं. ज्या घरात लहान मूल आहे, बाळंतीण आहे, त्या घरातली पालेभाजी टोपलीत भरून बाजारात पाठवा आणि आलेल्या पैशातून बिस्किटाचे पुडे आणा, असा सल्ला मी कुणालाही देणार नाही. ताटातलं काढून गल्ल्यात टाकणं याला धंदा म्हणत नाहीत.

"पण रोख पैसा कुठून आणायचा?"

हा प्रश्न रास्त आहे, त्याला बगल देता येणार नाही. शाळेची वही भाजी देऊन मिळत नाही. औषध, मोबाईलचं रिचार्ज, प्रवास, सगळ्याला रोख लागते. आणि स्पष्टच सांगतो, दोन गुंठ्यांची परसबाग वीटभट्टीची मजुरी भरून काढत नाही. काढते असं सांगणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकायला आला आहे असं समजा.

मग परसबाग काय करते? ती तुमचं दुकानाचं बिल कमी करते, म्हणजे तुम्हाला कमी रोख लागते. कमी रोख लागली की पहिला माल घाईने, पडेल त्या भावाने विकावा लागत नाही. थांबता येतं. आणि धंद्यात ज्याला थांबता येतं त्यालाच भाव मिळतो. मोठ्या व्यापाऱ्याकडे गोदाम असतं म्हणून तो थांबू शकतो. तुमच्याकडे भरलेलं घर असेल तर तुम्हीही थांबू शकता. तुमचं पहिलं भांडवल तेच आहे.

म्हणून माझा क्रम असा: आधी ताट, मग बियाणं, मग बाजार.

बियाणं का?

बियाण्याची पाळी बाजाराच्या आधी येते, कारण दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागलं तर धंद्याचा पहिला खर्चच तुमच्या हातात राहत नाही. संकरित बियाण्याच्या फळातलं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर तसंच फळ येईल याची खात्री नसते. गावठी वाणात ती अडचण येत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला माहीत असतील. त्यांना बीजमाता म्हणतात. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी केलं काय? घरच्या आणि आसपासच्या गावठी भाज्यांचं, धान्यांचं बियाणं जपलं, वाढवलं आणि इतर बायकांना परसबागेसाठी दिलं. त्यांची सुरुवात कुठल्या मशिनने झाली नाही, घरात जपलेल्या बियांपासून झाली.

तुम्हीही एवढंच करा. वेलावरची शेवटची, वाकडी, उरलेली काकडी बियाण्याला ठेवू नका. भर हंगामातली सगळ्यात चांगली एक-दोन फळं वेलावरच पूर्ण पिकू द्या. कुणाला तोडू देऊ नका. बी धुवून, सावलीत कडक वाळवून, राख लावून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वर नाव आणि वर्ष लिहा.

उन्हाळा डोळ्यासमोर ठेवून लावा

परसबागेची आखणी करताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: पाऊस थांबल्यावर माझ्याकडे काय उरेल?

शेवग्याची दोन झाडं लावा. पाऊस सुरू होताना चांगली जाड फांदी रोवली तरी जगते. एकदा मूळ धरलं की कमी पाण्यात टिकतो. उन्हाळ्याच्या तोंडाला शेंगा देतो, आणि पाला तर बराच काळ काढता येतो. छाटणी करत राहा, म्हणजे पाला हाताशी राहील.

मोरीचं पाणी वाया घालवू नका. ते चराने केळीकडे आणि अळूकडे वळवा. साबणाचं पाणी मात्र मेथी, माठ, कोथिंबिरीसारख्या भाज्यांवर सोडू नका. भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी वेगळं साठवलं तर तेवढ्यावरही एक छोटा वाफा हिरवा राहतो.

कंद लावा. सुरण, कोनफळ, रताळी. कंदांना फ्रीज लागत नाही. लागतील तसे खणून काढता येतात, म्हणजे जमीन हेच कोठार. लाल भोपळा आणि कोहळा पूर्ण पिकल्यावर देठासकट काढून कोरड्या जागी ठेवला तर महिनोन्महिने टिकतो. श्रावणातली काकडी चार दिवसांत मऊ पडते, पण श्रावणात वाढलेला भोपळा माघात शिजवता येतो. दोघांना मांडव तेवढाच लागतो. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर टिकणारा माल जास्त लावा आणि नाशवंत माल घरापुरता लावा.

स्वयंपाक हाच तुमचा कारखाना

"प्रक्रिया उद्योग" म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर स्टीलचं मशीन आणि कर्जाचा फॉर्म येतो. पण तुमच्या आजीला अळू आणि सुरण खाजतो म्हणून त्यात चिंच किंवा दुसरं आंबट घालायचं हे माहीत होतं. शेवळं काकडं घालून शिजवायची हे माहीत होतं. अंबाडीचा आंबटपणा सुकट घातल्यावर कसा जमून येतो हेही माहीत होतं. प्रक्रिया ती हीच. शहरातल्या माणसाला भाजी कुठेही मिळते, हे ज्ञान मिळत नाही. तुमचं खरं प्रॉडक्ट ते आहे.

गंजाडनेच याचा एक मोठा धडा दिला आहे. वारली चित्रं पूर्वी घराच्या भिंतीवर काढली जायची. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, लग्नाच्या वेळी, सुवासिनींच्या हातून. भिंत काही विकायला नेता येत नाही. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी इथे आले, आणि गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहणारे जिव्या सोमा म्हसे कागदावर, कापडावर चित्रं काढू लागले. तेच रंग, तीच माणसं, तीच झाडं, पण आता ते चित्र प्रवास करू शकत होतं. म्हसे यांचं काम जगभर पोचलं आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

उद्योजकाने यातून काय घ्यायचं? कला तीच होती, फक्त ती गावाबाहेर नेणारा कागद मिळाला. तुमच्या भाजीलाही असा कागद हवा. तो म्हणजे वाळवण, चटणी, लोणचं, पीठ. पालेभाजीत साधारण ८५ ते ९० टक्के पाणी असतं. ते पाणी गाडीभाडं देऊन मुंबईला का पाठवायचं?

याच तालुक्यातल्या चिकूकडेही बघा. डहाणू-घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नाव एवढं मोठं, तरी पिकलेलं फळ काही दिवसांतच मऊ पडतं, त्यामुळे ताजं फळ विकणाऱ्याला घाई करावीच लागते. तोच चिकू कापून वाळवला, त्याची पावडर केली की घाई संपते. नाव आणि मानांकन असलेल्या फळाची ही कथा, तर आपल्या काकडीची काय असणार?

ऋतूचं भान मात्र ठेवा. श्रावणात वाळवण होत नाही, बुरशी येते. पावसाळ्यात ताजं शिजवलेलं विका: थालीपीठ, अळुवडी, काकडी आणि तांदळाच्या पिठाचे पानात वाफवलेले पदार्थ. उन्हं पडली की कारल्याच्या आणि गवारीच्या काचऱ्या, कोहळ्याचे सांडगे, सावलीत वाळवलेल्या शेवग्याच्या पाल्याची चटणी, नाचणीचे पापड. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. हे ग्राहकाला सांगायला लाजू नका.

स्वतःची मजुरी धरा

घरगुती धंदे बुडण्याचं एक मोठं कारण म्हणजे बाईच्या वेळेची किंमत शून्य धरली जाते. "घरीच तर असते" हे वाक्य हिशोबाच्या वहीतून कायमचं काढून टाका.

उदाहरण घेऊ. शेवग्याच्या पाल्याची चटणी, १०० ग्रॅमचं पाकीट. तीळ, शेंगदाणे, मिरची, लसूण, मीठ आणि घरच्या पाल्याची बाजारभावाने किंमत मिळून १८ रुपये. पॅकिंग आणि लेबल ६ रुपये. जळण ३ रुपये. एक किलो चटणीला तीन तास लागतात आणि तासाचे ६० रुपये धरले, तर किलोला १८० म्हणजे पाकिटाला १८ रुपये मजुरी. एकूण ४५ रुपये. पाकिटावर किंमत ७० रुपये. दुकानदाराचं २० टक्के कमिशन १४ रुपये. तुमच्या हातात ५६. त्यातून ४५ वजा केले की नफा ११ रुपये. मजुरी तुम्हाला वेगळी मिळाली आणि धंद्याला नफा वेगळा मिळाला.

आता मजुरी न धरता तेच पाकीट कुणी ४० रुपयांना विकायला लागलं तर? कमिशन गेल्यावर हातात ३२, त्यातले २७ सामान, पॅकिंग आणि जळणाचे. उरले ५. ज्या पाकिटामागे १८ रुपयांची मेहनत आहे तिथे ५ रुपये! ती ताई सहा महिन्यांत दमून बंद करेल. म्हणेल, धंद्यात राम नाही. चूक धंद्याची नव्हती, वहीत एक ओळ लिहायची राहिली होती.

कागदपत्रं आणि स्वच्छता

खाण्याची वस्तू विकायची म्हणजे अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी लागते. लहान घरगुती व्यवसायासाठी मूळ नोंदणीचा सोपा प्रकार आहे आणि अर्ज ऑनलाईन करता येतो. पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक, वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, बॅच नंबर, तुमचं नाव-पत्ता, शाकाहारी असल्याचं हिरवं चिन्ह आणि नोंदणीचा १४ अंकी नंबर हवा.

वाळवण भरताना हात, डबा, चमचा सगळं कोरडं. एका पाकिटात बुरशी निघाली तर ते गिऱ्हाईक परत येत नाही, आणि आणखी दहा जणांना सांगतं.

रानभाज्यांबद्दल एक विनंती. जंगलातली भाजी हा फुकटचा कच्चा माल नाही. घरातल्या जाणत्या माणसाने ओळखलेलीच भाजी घ्या, मुळासकट उपटू नका, आणि धंद्याची मागणी परसबागेतून भागवा.

कर्ज आणि अनुदान? सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना २०२० मध्ये आली. तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान आणि बचत गटाच्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल अशी तरतूद ठेवली गेली. सध्या काय चालू आहे ते तालुका कृषी कार्यालयात किंवा उमेदच्या ताईंना विचारा. पण योजना ही तिसरी पायरी आहे. ज्याची १० पाकिटं अजून विकली गेली नाहीत, त्याने मशीनचं कोटेशन मागवू नये.

गिऱ्हाईक कुठे आहे?

जवळच आहे. डहाणू रोड स्टेशनवरून मुंबईला लोकल जाते, रोज नोकरीला जाणारी माणसं आहेत. बोर्डीच्या किनाऱ्यावर सुट्टीला पर्यटक येतात. चैत्र पौर्णिमेपासून महालक्ष्मीची मोठी यात्रा भरते, लांबून लोक येतात. आणि ती बरोबर अशा वेळी येते, जेव्हा ताजी भाजी नसते पण तुमचं वाळवण तयार असतं. श्रावणात थांबलात, त्याचं फळ इथे मिळतं.

आता तुमचं काम

एक साधी वही घ्या. ३० दिवस रोज तीन रकाने भरा. पहिला: बागेतून काय काढलं आणि किती. दुसरा: त्यातलं घरी काय शिजलं, आणि तेच दुकानातून आणलं असतं तर किती पडलं असतं. तिसरा: काय उरलं, कोणाला दिलं, काय वाया गेलं.

महिन्याअखेरीला दुसऱ्या रकान्याची बेरीज ही तुमची पहिली कमाई. ती घरात सगळ्यांसमोर वाचून दाखवा. ज्या बाईच्या कष्टाला आजवर कुणी कमाई म्हटलं नाही, तिचा आकडा एकदा सगळ्यांच्या कानावर पडू दे.

तिसऱ्या रकान्यात जी भाजी पुन्हा पुन्हा दिसेल, तिच्यातूनच तुमचं पहिलं प्रॉडक्ट निघेल. ते कुठलं असावं हे मला विचारू नका, तुमची वहीच सांगेल. वही भरून झाली की तिसऱ्या रकान्यात काय आलं ते मात्र मला नक्की कळवा. तुमच्या कष्टाला आणि तुमच्या चुलीला शुभेच्छा!